लेकराचं तिकीट

आधी पिशवी आली, मग रुमाल आला, मग लेकरू आलं. तिन्ही खिडकीतून.

खिडकीशी बसलेली मी, एवढाच माझा त्यात संबंध. खालून एक बाई "अक्का, धरा की जरा" म्हणाली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत आठ-नऊ महिन्यांचं, डोळे काजळाने माखलेलं, टोपड्याचा बंद चोखणारं चांगलं जड पोरगं माझ्या हातात होतं. त्याची आई दाराशी उसळलेल्या गर्दीत दिसेनाशी झाली. शेजारच्या जागेवर पिशवी, पिशवीवर रुमाल, पोरगं माझ्या मांडीवर. जागा धरायची ही रीत जन्मभर पाहिलेली, पण बाहेरून. आतल्या बाजूने ती कशी वाटते ते त्या दिवशी कळलं. पोरगं रडलं नाही. त्याने माझा चष्मा ओढला, चाखला आणि बेचव निघाला म्हणून सोडून दिला.

नळदुर्गचं बसस्थानक, सकाळी नवाचा सुमार, सोलापूरची साधी गाडी. आई चढून आली तेव्हा तिच्या मागे सासू, सासूच्या हातात स्टीलचा डबा. "त्रास दिला का रे मावशीला?" आईने पोराला विचारलं. अक्काची मावशी व्हायला दोन मिनिटं लागली होती.

अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला तो असा: तान्ह्या बाळाला घेऊन शहरातल्या बसने फिरणं. मुंबईच्या बेस्टवर, पुण्याच्या पीएमपीवर, नागपूरच्या मेट्रोवर लिहिणारे त्यांच्याकडे होते. मी म्हटलं, मी नळदुर्गावर लिहिते. पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग, "तिथं सिटी बस आहे?" नाही. तिथे एसटी आहे. नळदुर्गच्या बाईला शहर लागतं तेव्हा ती सोलापूर गाठते, आणि सोलापूर पन्नासेक किलोमीटरवर. तिची सिटी बस हीच. "बघा जाऊन," संपादक म्हणाले. म्हणून तीन दिवस मी या रस्त्यावर येरझारा घातल्या. माझ्याबरोबर बाळ नव्हतं. माझं बाळ आता सव्वीस वर्षांचं आहे आणि ते एसटीने जात नाही. पण पहिल्याच सकाळी खिडकीतून एक मिळालं.

माहेर, दवाखाना, देव

पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गाचा आकडा आता ६५ आहे; जुनी माणसं अजून 'नऊ नंबर' म्हणतात. त्या रस्त्यावर, बोरी नदीच्या काठी, किल्ल्याच्या तटाला टेकून बसलेलं हे गाव. पावसाळ्यात इथे लोटालोट असते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि बोरी भरली की त्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. ते बघायला लोक मोटारींनी येतात. गावची माणसं एसटीने जातात. रेल्वे इथे नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव असा चौऱ्याऐंशी किलोमीटरचा लोहमार्ग होतोय, पण तोही तुळजापूरवरून. नळदुर्ग बाजूलाच राहणार.

तान्हं लेकरू इथे तीन कामांसाठी गाडीत चढतं. पहिलं, माहेरून सासरी. पहिलं बाळंतपण माहेरचं. सव्वा महिना शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू. मग कधी तिसऱ्या, कधी पाचव्या महिन्यात बाळंतविडा बांधून लेकीला पोचवायचं. ज्यांना परवडतं ते क्रूझर ठरवतात. बाकीच्यांचा पाळणा दोरीने बांधून एसटीतच येतो, आणि कंडक्टरने त्याचं सामान म्हणून तिकीट फाडायचं की नाही यावर पाच मिनिटं वाद चालतो. (मी पाहिलेल्या वादात पाळणा जिंकला.)

दुसरं काम, 'दाखवायला'. हा इथला नेमका शब्द. लेकराला काय झालंय विचारलं तर "काही नाही, सोलापूरला दाखवायला चाललो" एवढंच उत्तर. मान धरत नाही, वजन भरत नाही, खोकला हटत नाही, एक डोळा चिकटतो, हे सगळं त्या शब्दात बसतं. सुईसाठी मात्र बस लागत नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळतात, आणि बस वाचवणारी एवढी चांगली सरकारी सोय मला दुसरी आठवत नाही. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला आणि बाळंतिणीला घरी सोडायलाही गाडी आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ ला सुरू झाला; १०२ नंबर फिरवायचा. पुढे आजारी बाळासाठी तो हक्क वर्षापर्यंत वाढवला. मी ज्या बायांना विचारलं त्या सगळ्यांना १०२ ठाऊक होता. मग एसटी का? "ती गाडी दवाखान्यात न्यायला असती," एकीने मला समजावलं. "आम्ही नुसतं दाखवायला चाललो." आजार आणि दाखवणं यांच्यातली ही रेघ कुठल्याही शासन निर्णयात नाही, आणि एसटीत बसलेली निम्मी लेकरं त्या रेघेच्या अलीकडची असतात.

तिसरं काम देवाचं. त्याच्याकडे पुढे येते.

हा मुलूख निजामाचा होता. हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये २७ गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली, म्हणजे एसटीच्या सोळा वर्षं आधी. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली तेव्हा नळदुर्ग निजामाच्याच राज्यात होतं. स्थानकावर भेटलेली एक म्हातारी अजून एसटीला 'सर्विस' म्हणते. तिला मी विचारलं, तुमच्या वेळी लेकरं कशी न्यायच्या? "न्यायचोच नाही," ती म्हणाली.

"किती?"

गाडी स्थानकातून बाहेर पडली की कंडक्टर मास्तर मागून सुरुवात करतात. पूर्वी पत्र्याच्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या असायच्या आणि हातातल्या चिमट्याची टिकटिक आधी ऐकू यायची. आता मशीन आहे. टिर्र करून कागदाची पट्टी बाहेर येते.

"किती?"

"सोलापूर. मी एक, आणि सासूबाई. त्यांचं अमृतमधी."

"आधार दाखवा आजी."

आजींनी कनवटीची पिशवी सोडली, पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून आधार. वय पंच्याहत्तरच्या पुढे. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंच्याहत्तरच्या वरच्यांना एसटी फुकट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला सरसकट अर्धं. मशीन दोनदा टिरटिरलं. सुनेला अर्ध्या तिकिटाची पट्टी आणि आजींना शून्य रुपयांची.

"आन् ह्येचं?" सुनेने पोराकडे बोट करून हसत विचारलं.

"त्याला पाच वर्षं कळ काढायला सांगा."

पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. म्हणजे अर्ध्या तिकिटात तीन जीव सोलापूरला निघाले होते. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तरी हा हिशेब बायांच्या बाजूनेच राहिला, आणि त्याचा तान्ह्या लेकरांच्या प्रवासावर झालेला परिणाम साध्या नजरेला दिसतो. पूर्वी लेकराला दाखवायला आई एकटी जायची नाहीतर बाप न्यायचा, कारण दुसरं तिकीट परवडायचं नाही. आता दोघी जातात. एकीने लेकरू धरायचं, दुसरीने केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. एकीने जागा धरायची, दुसरीने बाटलीत पाणी भरायचं. अर्ध्या तिकिटाची योजना जाहीर झाली तेव्हा नोकरी-शिक्षणाच्या गोष्टी पुष्कळ बोलल्या गेल्या. सासू बरोबर नेता येईल, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. सगळ्या सुनांना ती सोय वाटेलच असंही नाही म्हणा.

मला मात्र त्या शून्याच्या तिकिटाने पकडून ठेवलं. आजी एक पैसा देत नाहीत, तरी त्यांना पट्टी मिळते. कारण सरकार त्यांच्या भाड्याची भरपाई महामंडळाला करतं, आणि भरपाई मागायची तर माणूस मोजावा लागतो. लेकराची भरपाई कुणी देत नाही, म्हणून लेकराला पट्टी नाही. त्या मशीनच्या पोटात अर्धं तिकीट आहे, पास आहे, सामान आहे. डायलिसिसचा रुग्ण आहे, सिकलसेलचा आहे. मांडीवरचं लेकरू नाही. सकाळच्या सोलापूर गाडीत रोज किती तान्ही मुलं असतात, हे तिकिटांच्या हिशेबातून कधीच निघणार नाही. त्या सकाळी मी मोजली. चव्वेचाळीस आसनांच्या गाडीत पाच होती, आणि एक मागाहून अणदूरला चढलं.

कंडक्टर मास्तरांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, तिकीट नसलं तरी मला कळतंय की. गाडी थांबवायला सगळ्यात आधी तेच लावतंय."

मागच्या चाकावर बसू नये

एसटीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच की नऊवारीतल्या बाईने एका हाताने दांडी धरल्याशिवाय चढता येत नाही. साडीच्या निऱ्या दुसऱ्या हातात. लेकरू तिसऱ्या हातात, आणि तिसरा हात दुसऱ्या कुणाचा तरी असतो. खिडकी हा एक मार्ग. ड्रायव्हरच्या बाजूचं दार हा दुसरा, पण तो ओळखीचा ड्रायव्हर असेल तर. तिसरा मार्ग सरळ: आधी चढलेल्या पहिल्या माणसाकडे लेकरू देऊन टाकायचं. तो पुरुष आहे, शाळकरी मुलगी आहे की पोलीस आहे हे बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी एका खाकीतल्या हवालदाराच्या हातात मी तीन महिन्यांचं बाळ पाहिलं. त्याने ते पुराव्याच्या मुद्देमालासारखं, अंगापासून दूर धरलं होतं.

"मान धर तिची, मान," मागून एका खालाने त्याला दटावलं.

मान धरायच्या आधीचं बाळ आणि मान धरलेलं बाळ, ही इथल्या बायांची खरी वयोगटवारी. तीनेक महिन्यांपर्यंत बाळाला स्वतःचं डोकं पेलत नाही; गाडी ब्रेकरवर उडाली की ते मागे झुकतं. म्हणून जागा निवडायची ती दोन चाकांच्या मध्ये. मागच्या चाकावर आणि त्याच्या मागे बसलं की खड्डा दुप्पट लागतो, कारण गाडीचं शेपूट चाकाच्या बरंच मागे लोंबतं आणि फळीच्या टोकासारखं उसळतं. कुणी बाई हे अशा शब्दांत सांगत नाही. "मागच्या चाकावर बसू नये, लेकराला उचकी लागते," म्हणते. उचकीचं मला ठाऊक नाही. जागा बरोबर आहे.

खिडकी घ्यावी की नाही यावर दोन पंथ आहेत. वारा लागून कान दुखतो म्हणणारे एक, आणि वारा नसला तर ओकतं म्हणणारे दुसरे. पहिल्या पंथाच्या बाया बाळाला सोलापुरी चादरीत असं गुंडाळतात की मे महिन्यात बघणाऱ्यालाच घाम फुटावा. दुसऱ्या पंथाच्या बायांची कुंची खिडकीतून उडून गेलेली असते. मी स्वतः दुसऱ्या पंथाची. १९९९-२००० च्या सुमाराला माझ्या मुलाने याच रस्त्यावर, उमरग्याच्या वाटेवर, खिडकी उघडी असूनही शेजारच्या आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर सगळं दूध काढलं. मी मेल्याहून मेले. आजोबांनी धोतराचा सोगा झटकला आणि आपल्या चारही मुलांनी कुठे कुठे कुणाच्या अंगावर ओकलं याची हकीकत सुरू केली, ती उमरगा आलं तरी संपली नव्हती.

पिशवीत काय असतं तेही सांगायला हवं. पिशवी लग्नात मिळालेली, दुकानाचं नाव छापलेली. वर दुपटी दोन, झबलं एक जास्तीचं, गरम पाण्याचा थर्मास, मोठं लेकरू असेल तर डब्यात नाचणीची पेज नाहीतर दूध-बिस्किट, कडेला वेखंडाचा तुकडा किंवा बिब्बा दोऱ्यात ओवलेला, आणि डायपर. डायपरने एसटीतला प्रवास जितका बदलला तितका रस्ता चौपदरी झाल्याने बदलला नाही. पूर्वी लंगोट सोडला की पुढचा हंगामा सगळ्या गाडीचा असायचा. आता तासाभराची निश्चिंती विकत मिळते, सुटा एकसुद्धा मिळतो, स्थानकाबाहेरच्या मेडिकलमध्ये. वापरलेला कुठे जातो? रस्त्याच्या कडेला बाभळींखाली पांढरे गोळे दिसतात, ते कापसाचे नव्हेत.

माझी भाची लंडनजवळ राहते. तिच्या बसमध्ये बाबागाडीसाठी आखलेली जागा आहे आणि दार टेकतं ते फुटपाथला. तिला खिडकीतून लेकरू देण्याची गोष्ट सांगितली तर ती किंचाळली. पण तिथली एक गोष्ट तिनेच मला ऐकवली. २०१२ मध्ये यॉर्कशरमधल्या वेदर्बीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये डग पॉली नावाचे व्हीलचेअरवरचे गृहस्थ चढायला गेले, तर त्यांच्या जागेत एका बाईची बाबागाडी होती, आत बाळ झोपलेलं. गाडीची घडी होत नाही म्हणून ती बाई हलली नाही आणि पॉलींना उतरावं लागलं. खटला थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला: ड्रायव्हरने नुसती विनंती करून गप्प बसू नये, बाईने जागा सोडावी म्हणून आणखी प्रयत्न करावा. जागा आखून दिली की ती कुणाची हा प्रश्नही येतो. आमच्या गाडीत तो येत नाही, कारण आखलेली जागाच नाही आणि व्हीलचेअर तर दारापर्यंतही पोचत नाही. याचा अभिमान वाटावा असं त्यात काही नाही.

तीन हिरकण्या

रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी मिटलेले दरवाजे, खाली घरी भुकेलं बाळ, आणि रात्री उतरलेला कडा. ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते, आणि त्या कड्यावरच्या बुरुजाला हिरकणी म्हणतात. एसटीने हे नाव दोनदा वापरलं. एकदा निमआराम गाडीला. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांनंतर आलेल्या गाड्यांना लोक एशियाड म्हणायचे, त्यांच्याच वंशातली ही. दुसऱ्यांदा बसस्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोलीला: हिरकणी कक्ष.

कक्षाची कल्पना चांगली आहे आणि जिथे तो नीट चालतो तिथे बायांना त्याचा आधार असतो, विशेषतः दोन-दोन तास गाडीची वाट बघताना. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने सार्वजनिक इमारतींत अशा खोल्या करण्याबद्दल राज्यांना सांगितलं. नव्या बांधल्या जाणाऱ्या इमारतींत जागा ठेवावी, जुन्यांत जमेल तिथे करावी. पण भूक फलाटावर लागेल असा नेम नाही. ती इटकळला लागते, बोरामणीला लागते, फाट्यावर वडाच्या झाडाखाली लागते. तिथे जी खोली उभी राहते तिला इथे 'आडोसा' म्हणतात, आणि ती माणसांची असते. पाजणारी खिडकीकडे तोंड करते. शेजारीण अंग तिरकं करून मधल्या वाटेकडे पाठ फिरवते. पुढच्या सीटवरचा माणूस, जो इतका वेळ मागे वळून ऊस कारखान्याच्या बिलाबद्दल बोलत होता, तो अचानक समोर बघायला लागतो. कुणी कुणाला काही सांगत नाही. पदर होता तेव्हा हे सोपं होतं. सलवार-कमीज आली तेव्हा अवघड झालं. आता सोलापूरच्या बाजारात साइडला चेन लावलेले कुर्ते मिळतात आणि वरून ओढणी. एका मुलीने मला ती चेन मोठ्या कौतुकाने दाखवली. तिच्या सासूने तोंड फिरवलं, पण कुर्ता सासूनेच घेऊन दिलेला होता.

तिसरी हिरकणी मला तिकीट देत होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीला बाई कंडक्टर होत्या, तिशीच्या आतबाहेर. घरी दीड वर्षाची मुलगी, आईजवळ. गोष्ट नीट बघितली तर हिरकणीचं बाळ तिच्याबरोबर नव्हतंच. ती कामावर होती आणि बाळ घरी. रजा संपवून ड्यूटीवर आल्या तेव्हाचं त्यांनी सांगितलं, पैसे मोजता मोजता, माझ्याकडे न बघता. "गाडीत कुणाचंबी लेकरू रडलं की मला पान्हा फुटायचा. खाकी शर्ट. दिसतंय ना लगेच." मग काय करायच्या? त्यांनी पैशाची चामडी बॅग खांद्यावरून आडवी छातीवर ओढून दाखवली. "अशी. उमरग्यापर्यंत अशीच."

मग त्यांनी दोन घंट्या मारल्या आणि पुढच्या टप्प्याची तिकिटं फाडायला गेल्या.

शीव ओलांडताना

नळदुर्गची मुलगी आळंदला देतात, बसवकल्याणकडे देतात. आळंदची इकडे येते. कर्नाटकची शीव जवळ, घरात कन्नड-मराठी-दखनी तिन्ही. या सोयरिकीत लेकराचा प्रवास दोन राज्यांच्या योजनांमधून होतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायांना सरकारी बस फुकट, पण कर्नाटकचा पत्ता असेल तर. महाराष्ट्रातलं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. सासर आळंदकडे आणि आधारवर पत्ता अजून माहेरचा, अशी एक बाळंतीण मला भेटली. इकडच्या गाडीत हद्दीपर्यंत अर्धं, पुढे पूर्ण. तिकडच्या गाडीत पूर्णच. "पत्ता बदलायला सोलापूरला जावा की कलबुर्गीला, तेच ठरंना," ती म्हणाली. "तोवर ह्यो मोठा होऊन ह्येलाच तिकीट लागायचं."

पोराला मात्र दोन्हीकडे काही विचारत नाहीत.

शीव ओलांडताना तिच्या आईने बाळावरून मीठ-मोहरी उतरवून खिडकीतून टाकली. नदी आली की नाणं. बोरी ओलांडताना पूर्वी तांब्याचा पैसा जायचा, आता रुपया जातो. एक आजी म्हणाल्या, दोन रुपयांचं नाणं टाकलं तर चालतं, पण सुटे परत मिळत नाहीत.

आता देवाचं. लेकराचं जावळ कुलदैवताला. भवानीचे लोक तुळजापूरला जातात, मंगळवार-शुक्रवारी गाड्यांना दम नसतो. खंडोबाचे इथेच येतात, नळदुर्गलगतच्या मैलारपूरला. आणि हा खंडोबा स्वतःच प्रवासी आहे. मूर्ती सव्वादहा महिने अणदूरच्या देवळात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला; पौष पौर्णिमेची मोठी यात्रा इथे. देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी कागदावर करार करतात, कोण देव घेऊन चाललं आणि कधी परत द्यायचा. यात्रेच्या दिवसांत जादा गाड्या सुटतात, आणि परतीच्या गाडीत नुकतं गोटा केलेलं डोकं, कपाळभर भंडारा आणि रडून सुजलेले डोळे अशी लेकरं ओळीने मांड्यांवर असतात. सीटांवर भंडारा, दांड्यांवर भंडारा, मशीनच्या बटणांवर भंडारा. दुसऱ्या दिवशी ती गाडी कुठल्या रूटला लागली तरी कुठून आली ते कळतं.

परतीची गाडी

पहिल्या दिवसाची संध्याकाळ मी शेवटासाठी ठेवली. सोलापूर स्थानकावर तेच पोरगं पुन्हा दिसलं. चष्मा चाखलेलं. यावेळी मी खाली होते आणि त्याची आई वर, म्हणून लेकरू खिडकीतून द्यायची पाळी कुणावर आली नाही. दाखवून झालं होतं. काय म्हणाले? "काही नाही म्हणाले. सर्दी छातीत उतरली. औषध दिलंय, सोमवारी परत बोलावलंय." म्हणजे सोमवारी पुन्हा अर्ध्या तिकिटात तिघं.

गाडी भरली. उभ्यांची वाट बंद झाली. पोराला झोप येत नव्हती. त्याने आईच्या हातातली तिकिटाची पट्टी घेतली आणि आई माझ्याशी बोलण्यात गुंतली. बाहेर अंधारलं, गाडीतले दिवे लागले. वाटेत एका फाट्यावर तिकीट तपासणारे दोघं चढले. एकाने दाराशी उभं राहून मशीन मागवलं, दुसरा पुढून मागे पेनाच्या टोकाने डोकी मोजत आला. बसलेली, उभी, दाराशी लोंबणारी. पेन प्रत्येक डोक्यावर टेकायचं आणि मांड्यांवरून उडी मारून पुढे जायचं.

"तिकीट."

आजींनी शून्याची पट्टी काढून दिली, इस्त्री केल्यासारखी. सुनेने पिशवी बघितली, ओटी झटकली, मग पोराच्या मुठीकडे बघितलं. मूठ उघडायला तिघी लागलो. आत ओला, काळपट, अर्धा चावलेला लगदा होता. एक तुकडा टाळूला चिकटला होता, तो आजींनी बोट घालून काढला आणि आदराने तपासणाऱ्याच्या हातावर ठेवला.

तो त्या लगद्याकडे बघत राहिला. "कुठून बसलात?"

"सोलापूर. नळदुर्ग. ह्यांनाच विचारा." तिने कंडक्टरकडे बोट केलं. कंडक्टर गर्दीपलीकडून ओरडले, "आहे साहेब, मी दिलंय." दाराशी मशीन बघणाऱ्याने आकडा सांगितला, पेनवाल्याने आपला सांगितला. दोन्ही जुळले. त्याने लगदा खिडकीबाहेर टाकला, हात पँटीला पुसला आणि उतरता उतरता पोराच्या गालाला पेन लावलं.

दोन घंट्या झाल्या. पोरगं आता आजींच्या पट्टीकडे हात करत होतं. आजींनी ती चार घड्या घालून कनवटीच्या पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी ओढली, आणि नाडीचं टोक त्याच्या हातात दिलं.